खिडकी आणि खतावणी : सॅपच्या व्यवसायप्रणालीला ब्राउझर जोडण्याचा इतिहास

प्रस्तावना

कारखान्याच्या भांडारात माल उतरला की त्याची नोंद एकदाच होते. परिणाम मात्र अनेक ठिकाणी उमटतात. साठा वाढतो, खरेदी आदेशातील बाकी घटते, पुरवठादाराच्या देण्याची तरतूद खतावणीत चढते. हे सर्व एकत्रच व्हावे, अन्यथा त्यातील काहीही होऊ नये, ही व्यवसायप्रणालीची पहिली अट होय. ज्या स्क्रीनवर ही नोंद केली जाते ती मात्र निराळ्या कुळातील वस्तू आहे. खतावणीचे नियम पिढ्यान्पिढ्या टिकतात; स्क्रीन दहा-बारा वर्षांत जुनी होते. या दोहोंचा सांधा कसा घडत गेला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात जर्मनीतील सॅप या कंपनीच्या उदाहरणावरून घेतला आहे. हा इतिहास बहुधा स्क्रीनच्या रंगरूपाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः प्रश्न रंगरूपाचा नव्हता. अर्धवट राहिलेला व्यवहार लक्षात कोणी ठेवावयाचा, हा तो प्रश्न होता.

टर्मिनलपासून आर-थ्रीपर्यंत

१९७२ साली आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी वाइनहाइम येथे सॅपची स्थापना केली. डिटमार हॉप, हासो प्लाटनर, क्लाउस चिरा, हान्स-वेर्नर हेक्टर आणि क्लाउस वेलेनरॉयथर हे ते पाच. इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीची जर्मनीतील शाखा हा त्यांचा पहिला ग्राहक. त्यांच्या प्रणालींच्या नावातील ‘आर’ हे अक्षर ‘रिअल-टाइम’ या शब्दाचे आहे. छिद्रित कार्डांचे गठ्ठे रात्री एकत्र चालविण्याऐवजी नोंद तिथल्या तिथे व्हावी, ही त्यामागची कल्पना.

१९७९ मध्ये आलेली आर-टू ही प्रणाली मोठ्या मध्यवर्ती संगणकावर चालत असे. आयबीएमने १९७१ साली बाजारात आणलेल्या ३२७० जातीच्या टर्मिनलला स्वतःची बुद्धी जवळपास नव्हती. भरलेली चौकट एकगठ्ठा मध्यवर्ती संगणकाकडे पाठवायची आणि पुढची चौकट येण्याची वाट पाहायची, एवढेच त्याचे काम. १९९२ च्या आर-थ्रीने तीन थर वेगळे केले. माहिती एका ठिकाणी, नियम दुसऱ्या ठिकाणी आणि स्क्रीन वापरकर्त्याच्या मेजावरील संगणकावर, अशी ही रचना होती. मात्र स्क्रीनचे वर्णन नियमांच्याच थरात राहिले. प्रत्येक स्क्रीनसाठी ‘दाखविण्यापूर्वी’ चालणारा आणि ‘भरल्यानंतर’ चालणारा असे एबॅप भाषेतील दोन कार्यक्रम सर्व्हरवर असत.

आर-थ्रीचे खरे कौशल्य स्मरणात होते. वापरकर्ता विचार करीत बसला असता सर्व्हर त्याच्यासाठी ताटकळत राहत नसे. त्याचा अर्धवट व्यवहार बाजूला ठेवून दुसऱ्याचे काम उरकत असे आणि पहिल्याने कळ दाबताच ते सारे जसेच्या तसे पुढे घेत असे. त्या अवधीत संबंधित खरेदी आदेशावर कुलूप असे. दुसऱ्या कोणी तोच आदेश दुरुस्तीसाठी उघडल्यास, अमुक वापरकर्ता त्यावर काम करीत आहे, असा संदेश मिळे. बँकेत खतावणी एका कारकुनाच्या मेजावर असताना दुसऱ्याला तीत लिहिता येत नसे, त्याचेच हे यांत्रिक रूप.

विसराळू वेब

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळील सर्न संशोधनकेंद्रात वेबची उभारणी केली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रे पाहता यावीत म्हणून. एचटीटीपी या तिच्या संदेशनियमांत स्मरणाला स्थान नाही. पानाची मागणी आली, उत्तर गेले, संबंध संपला. कागद वाचणाऱ्याला हे पुरते; मालाची आवक नोंदविणाऱ्याला पुरत नाही.

सॅपने १९९६ साली इंटरनेट ट्रान्झॅक्शन सर्व्हर, म्हणजेच आयटीएस, आणला. त्याचा एक भाग वेब-सर्व्हरला चिकटलेला असे; दुसरा भाग, जणू एखादा माणूस टर्मिनलवर बसला आहे अशा थाटात, आर-थ्रीशी संवाद साधे आणि मिळालेली प्रत्येक स्क्रीन एचटीएमएलमध्ये उतरवून ब्राउझरकडे पाठवी. हे एक प्रकारचे सोंग होते, आणि सोंग वठत नाही अशी जागा लवकरच सापडली. ब्राउझरमधील ‘मागे’ ही कळ दाबली की वापरकर्ता आधीच्या पानावर जाई, पण सर्व्हर पुढच्याच पायरीवर उभा असे. खिडकी बंद करून कोणी घरी निघून गेल्यास सर्व्हरला त्याचा पत्ता नसे. मुदत संपेपर्यंत आदेशावरील कुलूप तसेच राही.

पुढील दशकात सॅपने बिझनेस सर्व्हर पेजेस आणि वेब डिनप्रो असे आणखी दोन मार्ग चोखाळले. २००४ च्या नेटवीव्हरबरोबर आधी जावा भाषेत आणि नंतर एबॅपमध्ये आलेल्या वेब डिनप्रोने एचटीएमएल प्रोग्रामरच्या नजरेआडच केले. हा मार्ग सुरक्षित होता. मात्र बाहेरच्या जगात ब्राउझर ज्या वेगाने बदलत होता तो वेग त्यात शिरू शकला नाही.

तो बदल थोडक्यात असा. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये १९९९ साली, पान न बदलता पडद्याआडून सर्व्हरशी बोलण्याची सोय आली. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. २००६ मध्ये जेक्वेरी हा जावास्क्रिप्टचा संच आला. ब्राउझर आता कागद दाखविणारी काच उरला नाही; स्क्रीन रेखाटणे, तिच्यातील मजकूर तात्पुरता जपणे ही कामे तो स्वतः करू लागला.

लेखी करार : ओडेटा आणि यूआय-फाइव्ह

स्क्रीन ब्राउझरमध्ये रेखाटायची ठरल्यावर सर्व्हरकडून चित्र नको, केवळ माहिती हवी. पण कोणत्या स्वरूपात? सोप या नियमावलीत सेवेचे वर्णन लेखी असे. मात्र तिचे अवजड संदेश ब्राउझरला पेलवणारे नव्हते. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये ‘अस्टोरिया’ या नावाने जाहीर केलेल्या प्रकल्पातून ओडेटा ही नियमावली निघाली. तिच्यात प्रत्येक नोंदीला वेबवरचा पत्ता असतो आणि वाचणे, भर घालणे, दुरुस्ती, रद्द करणे या क्रियांसाठी एचटीटीपीचीच क्रियापदे वापरली जातात. सेवेसोबत ‘मेटाडेटा’ नावाचा दस्तऐवज असतो. कोणत्या नोंदी आहेत, त्यांत कोणते रकाने, प्रत्येकाचा प्रकार आणि लांबी किती, कोणती नोंद कोणाशी जोडलेली, हे सारे त्यात यंत्राला वाचता येईल असे लिहिलेले असते. ओडेटाच्या चौथ्या आवृत्तीला २०१४ मध्ये ओएसिस या संस्थेची मान्यता मिळाली.

सॅपने २०११ मध्ये नेटवीव्हर गेटवे आणून जुन्या एबॅप नियमांवर ओडेटाचे दार बसविले. दुसऱ्या बाजूस वॉलडॉर्फ येथे ‘फिनिक्स’ या अंतर्गत नावाने तयार झालेला जावास्क्रिप्ट-संच यूआय-फाइव्ह म्हणून पुढे आला. २०१३ च्या मे महिन्यात त्यावर उभारलेले फिओरी हे पंचवीस छोट्या कार्यक्रमांचे संकलन जाहीर झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात या संचाचा गाभा ओपनयूआय-फाइव्ह या नावाने अपाची परवान्याखाली सर्वांना खुला करण्यात आला. फिओरीसाठी सुरुवातीस वेगळे शुल्क होते. जी प्रणाली आधीच विकत घेतली आहे तिचीच खिडकी पुन्हा विकत का घ्यावी, हा ग्राहकांचा आक्षेप रास्त होता. जून २०१४ मध्ये कंपनीने ते शुल्क मागे घेतले.

जोडणीची रीत पुढीलप्रमाणे. यूआय-फाइव्हमधील ‘मॉडेल’ आधी मेटाडेटा वाचते आणि मग स्क्रीनवरील प्रत्येक रकाना सेवेतील रकान्याला बांधते. लिहिण्यापूर्वी ब्राउझरला सर्व्हरकडून एक गुप्त संकेत मागून घ्यावा लागतो आणि तो प्रत्येक लेखनासोबत परत द्यावा लागतो. एरवी भलत्याच संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या नावे नोंद घुसविण्याचा धोका राहतो. अनेक नोंदी एका लिफाफ्यात घालून, ‘सर्व स्वीकारा किंवा सर्व नाकारा’ अशी अट घालता येते. प्रारंभी उल्लेखिलेली खतावणीची पहिली अट येथे वेबच्या भाषेत उतरली. मात्र ब्राउझरमधील तपासणीवर विसंबता येत नाही, कारण तो वापरकर्त्याच्या ताब्यात असतो. म्हणून रकमेची आणि अधिकाराची तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते.

एक एप्रिलची तारीख

करार लेखी असला तरी दोन्ही पक्षांनी त्यातील शब्दांचा अर्थ एकच घेतला पाहिजे. या संदर्भात तारखेचे उदाहरण बोलके आहे. खतावणीत तारीख म्हणजे केवळ दिवस. तिला तास-मिनिटे नसतात. जावास्क्रिप्टमध्ये मात्र तारीख म्हणजे काळाचा एक क्षण. ओडेटाच्या दुसऱ्या आवृत्तीतही नुसत्या दिवसासाठी स्वतंत्र प्रकार नव्हता. भारतातील वापरकर्त्याने स्क्रीनवर १ एप्रिल निवडला की ब्राउझर त्याचा अर्थ भारतीय वेळेनुसार १ एप्रिलची मध्यरात्र असा घेतो. तोच क्षण जागतिक प्रमाणवेळेत ३१ मार्चचे सायंकाळचे साडेसहा होतो. प्रोग्रामरने खबरदारी घेतली नसेल तर सर्व्हर तास गाळून ३१ मार्च नोंदवितो. ज्या देशाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते तेथे ही चूक एका दिवसाची राहत नाही. व्यवहार सरळ मागील वर्षाच्या हिशेबात जाऊन बसतो. यूआय-फाइव्हमध्ये तारखेच्या रकान्याला ‘केवळ दिवस’ अशी खूण करण्याची सोय आहे. ओडेटाच्या चौथ्या आवृत्तीने तर दिवसासाठी वेगळा प्रकारच दिला.

रकमेचेही असेच. जावास्क्रिप्टचे अंक द्विमान अपूर्णांकांत साठविले जातात आणि त्यात ०.१ व ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. म्हणून ओडेटाच्या दुसऱ्या आवृत्तीत दशांश रक्कम अंक म्हणून न पाठविता अक्षरमाला म्हणून पाठविली जाते. पुष्कळ नवख्या प्रोग्रामरना ही लहर वाटते. हिशेबनिसाला वाटणार नाही. यूआय-फाइव्हच्या यादीला आपोआप लागू असलेली शंभर नोंदींची मर्यादा मात्र तितकी समर्थनीय नाही. मर्यादा वाढविली नाही तर निवडसूचीत एकशे एकावे भांडार दिसतच नाही, आणि ते गळाल्याची सूचनाही मिळत नाही.

कुलूप, शिक्का आणि मसुदा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ओडेटाचा सर्व्हर दोन मागण्यांमध्ये वापरकर्त्याला विसरतो. मग कुलूप कोणाच्या नावे ठेवावयाचे? यावर पहिले उत्तर शिक्क्याचे होते. नोंद वाचताना सर्व्हर तिच्यासोबत तिच्या त्या क्षणीच्या स्थितीचा शिक्का देतो. दुरुस्ती पाठविताना तो परत द्यावा लागतो. दरम्यान दुसऱ्या कोणी नोंद बदलली असल्यास शिक्का जुळत नाही आणि दुरुस्ती नाकारली जाते. खतावणी सुरक्षित राहते, हे खरे. परंतु चाळीस ओळींचा खरेदी आदेश अर्धा तास भरून शेवटी नकार मिळालेल्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही सुरक्षितता महागडी ठरते. आर-थ्रीमध्ये हाच नकार त्याला पहिल्याच क्षणी मिळाला असता.

म्हणून २०१५ च्या एस-फोर-हाना या प्रणालीच्या पिढीत मसुद्याची पद्धत आली. वापरकर्ता टंकू लागताच त्याचे अर्धवट काम सर्व्हरवर वेगळ्या तक्त्यात साठविले जाते. मूळ नोंदीवर त्याच्या नावे कुलूप लागते; ठरावीक अवधी तो निष्क्रिय राहिल्यास ते सैल होते आणि दुसऱ्याला काम हाती घेता येते. खिडकी बंद झाली तरी मसुदा शिल्लक असतो आणि दुसऱ्या यंत्रावरून पुढे नेता येतो. म्हणजे जे स्मरण वेबने काढून घेतले होते ते सर्व्हरकडे परत आले. फरक इतकाच, की आता ते सर्व्हरच्या तात्पुरत्या स्मृतीत नसून तक्त्यात लिहून ठेवलेले असते.

एस-फोर-हानामध्ये सर्वच कामे मात्र या नव्या रीतीने होत नाहीत. फिओरीच्या मुखपृष्ठावरील कित्येक चौकोनांवर टिचकी मारली असता उघडते ती आर-थ्रीच्या कुळातील जुनीच स्क्रीन, आयटीएसच्या वंशजाने एचटीएमएलमध्ये उतरविलेली. तिच्यामागे सर्व्हर वापरकर्त्याचा अर्धवट व्यवहार पूर्वीसारखाच सांभाळतो, आणि खिडकी अचानक बंद झाल्यास आदेशावरचे कुलूप मुदत संपेपर्यंत तसेच राहू शकते.