डिजिटल अध्यापन : वाशिम जिल्ह्यातील कला शाखा

वर्गात शिकवताना संगणक, प्रोजेक्टर, मोबाइल आणि इंटरनेट यांचा, तसेच त्यांच्यावर मिळणाऱ्या ग्रंथांचा, नकाशांचा, चित्रांचा व ध्वनिमुद्रणांचा उपयोग करणे म्हणजे डिजिटल अध्यापन. प्रस्तुत नोंद पश्चिम विदर्भातील वाशिम जिल्ह्याच्या कला शाखेपुरती, म्हणजे मराठी, इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, संगीत अशा विषयांपुरती आहे. विज्ञान शाखेला प्रयोगशाळा असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या हातात मात्र बहुधा पाठ्यपुस्तक आणि गाईड एवढेच येते. डिजिटल साधनांनी त्याला मूळ साधनांपर्यंत नेता येते, आणि या जिल्ह्यापुरते बोलायचे तर ती मूळ साधने असामान्य मोलाची आहेत.

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. निती आयोगाने 2018 मध्ये देशातील आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद (आता धाराशिव) यांच्यासह वाशिमचा समावेश झाला. येथील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. रिसोडचे उत्तमचंद बगडिया, मालेगावचे रामराव झनक, वनोजाचे साळुंकाबाई राऊत आणि वाशिमचे मातोश्री शांताबाई गोटे ही कला शाखा असलेली काही महाविद्यालये. या महाविद्यालयांतली बरीच मुले-मुली आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात.

देशपातळीवर या अध्यापनाचा इतिहास दूरचित्रवाणीपासून सुरू होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ 1984 मध्ये सुरू झाले, 2004 मध्ये एज्युसॅट हा शैक्षणिक उपग्रह सोडण्यात आला आणि 2017 मध्ये ‘स्वयम्’ व शालेय शिक्षणासाठीचा ‘दीक्षा’ हे मंच आले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी राबवली. पुढे ती बालभारतीच्या पुस्तकांत आली, आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार डिसले यांना मिळाला. शालेय पातळीवर महाराष्ट्रात जेवढे घडले, त्या मानाने बी.ए.च्या वर्गाकडे लक्ष कमी गेले.

इतिहासाच्या तासिकेत हे साधन काय करू शकते, याचे उत्तम उदाहरण खुद्द वाशिमच आहे. या गावाचे प्राचीन नाव वत्सगुल्म. प्राचीन वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती आणि सर्वसेन हा त्या शाखेचा संस्थापक. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिम येथे 1939 मध्ये उजेडात आला, तेव्हा ही शाखा अभ्यासकांना नीट कळली. ताम्रपटातील वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा बराचसा तपशील प्राकृतात आहे, त्यामुळे इतिहासाइतकाच तो मराठी विभागाच्याही कामाचा. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्याच्या आधीच्या वाचनात सर्वसेनाचे नाव लागले नव्हते. ताम्रपट हाती आल्यावर इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी हा शिलालेख पुन्हा वाचला आणि दोन्ही पुरावे जुळले. मिराशींचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा मराठी ग्रंथ 1957 मध्ये, आणि कोरीव लेखांचा संपादित खंड 1963 मध्ये आला. तो खंड आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, त्यातील ताम्रपटाचे ठसे पडद्यावर मोठे करून अक्षरन् अक्षर दाखवता येते. वाशिमचा राजा अजिंठ्याच्या भिंतीवर कसा सापडला, हे वाशिमच्या मुलांना त्या अक्षरांतून शिकवता येते, आणि माझ्या मते बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या इतिहासाची सुरुवात इथूनच व्हावी.

चित्रांच्या बाबतीत तर पडद्याला पर्याय नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांकडून 1872 पासून नव्याने प्रतिकृती करून घेतल्या, त्यांतल्याही पुष्कळ 1885 च्या आगीत गेल्या. आजची डिजिटल छायाचित्रे त्याच परंपरेतील पुढची पायरी आहेत. लेण्यातल्या अंधारात, दोरीपलीकडे उभे राहून जे दिसत नाही ते त्यांत दिसते : बोटांची ठेवण, दागिन्यांवरचे काम, चित्रावर पडलेल्या भेगा. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षांना बसणाऱ्या शाळकरी मुलांनाही ही चित्रे दाखवायला हवीत. पडद्यावरचे चित्र पाहून रेषा सुधारत नाही, ती कागदावरच सुधारते. पण कागदाकडे वळण्याआधी डोळ्याला काही तरी थोर दिसले पाहिजे.

साहित्याच्या वर्गातही वत्सगुल्म आहेच. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या संस्कृत साहित्यशास्त्रावरील ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरात झाल्याचे सांगितले आहे. ज्या गावी साहित्याचे लग्न लागले अशी कथा आहे, तिथल्या विद्यार्थ्याला ती माहीत नसावी हे मनाला लागते.

कारंजा येथील जैन मंदिरांच्या भांडारांतील हस्तलिखिते हा दुसरा मोठा ठेवा. हिरालाल जैन आदी विद्वानांनी त्यांवरून अपभ्रंश ग्रंथ संपादित केले आणि 1930 च्या दशकात ‘कारंजा जैन ग्रंथमाले’तून ते प्रसिद्ध झाले. मराठीच्या पूर्वरूपांचा अभ्यास करणाऱ्याला अपभ्रंशाशिवाय पुढे जाता येत नाही. हे छापील ग्रंथ पडद्यावर उघडून एखादे कडवक, म्हणजे अपभ्रंश काव्यातला पद्यखंड, वर्गात फोडून शिकवता येते.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, सेवालाल महाराजांचे समाधिस्थळ. तेथील ‘बंजारा विरासत’ संग्रहालयाचे उद्घाटन 5 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. बंजारा बोली, म्हणजे गोरमाटी, मुख्यतः मौखिक परंपरेत जगली आहे. समाजशास्त्राच्या किंवा मराठीच्या विद्यार्थ्याच्या खिशातला मोबाइल येथे पुस्तकापेक्षा उपयोगी ठरतो. तांड्यावरच्या वडीलधाऱ्यांची गाणी व आठवणी ध्वनिमुद्रित करणे, त्या देवनागरीत उतरवणे, त्यांचा मराठी अर्थ लावणे हे सगळे अध्यापनच आहे. सांगणाऱ्याची परवानगी घेणे आणि ध्वनिफितीची एक प्रत त्याच्या घरी पोहोचवणे हा या कामाचा पहिला नियम मानावा. ज्याची आई गोरमाटी बोलते, तो विद्यार्थी अशा तासिकेला वर्गातला जाणकार ठरतो.

संगीताच्या वर्गात मोबाइलवरील तानपुरा आणि जुनी ध्वनिमुद्रणे रुळली आहेत. भूगोलासाठी इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ आहे. आपल्या गावचा नाला, तळे, गायरान आकाशातून पाहिल्यावर जलसंधारणाचा धडा वेगळाच समजतो. मराठी विश्वकोश विनामूल्य उपलब्ध आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. वऱ्हाड प्रांतात वाशिम हा 1905 पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता आणि इंग्रजी दप्तरात त्याचे नाव ‘बासीम’ असे लिहीत. जुनी गॅझेटिअरे शोधताना आजचे नाव टाकले तर फारसे हाती लागत नाही.

मराठी अक्षरांच्या प्रश्नाविषयी विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण कला शाखेचे सर्वाधिक नुकसान तेथे होते. अनेक वर्षे मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलिखित झाला. त्यांतल्या पुष्कळशा फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी ते रोमन लिपीतले एखादे चिन्ह असते. परिणामी असा मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्या यंत्रावर किंवा मोबाइलवर उघडला की निरर्थक चिन्हे दिसतात. प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणाऱ्या युनिकोडमुळे हा प्रश्न तांत्रिक दृष्ट्या केव्हाच सुटला. तरीही जुन्या नोट्स, प्रश्नपत्रिका, शोधनिबंध त्याच फॉन्टांत पडून राहतात, किंवा मोबाइलवर काढलेल्या तिरप्या फोटोंच्या रूपाने व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात.

याचा सर्वांत मोठा फटका दृष्टिहीन विद्यार्थ्यांना बसतो. प्रयोगांच्या अडचणीमुळे विज्ञान शाखेपेक्षा कला शाखा त्यांना जवळची पडते. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर आणि अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक मराठी मजकूर वाचून दाखवतात, पण तो युनिकोडमध्ये असेल तरच. कृतिदेवमधील पान त्यांना निरर्थक आवाजासारखे ऐकू येते, आणि फोटो तर मुकाच राहतो. प्रतिमेतून अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअरे आता मराठीलाही बऱ्यापैकी चालतात. छापील पान नीट स्कॅन करून, चुका दुरुस्त करून ते वाचनयोग्य करणे हे श्रमाचे काम खरे, पण एकदा केलेले काम पुढच्या प्रत्येक तुकडीला पुरते.

अडचणी ठाऊक असलेल्याच आहेत. ऐन तासिकेत लाईट जाते, खेड्यात रेंज मिळत नाही, घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो प्रथम भावाच्या हाती जातो. मार्च 2020 नंतरच्या टाळेबंदीत हे सारे उघडे पडले. तेव्हा सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’सारख्या शालेय मालिका इंटरनेट नसलेल्या घरांपर्यंतही पोहोचल्या, ही गोष्ट विसरू नये. म्हणून वर्गातील साहित्य आधी उतरवून घेतलेले, इंटरनेटशिवाय चालणारे आणि पेन ड्राइव्हवर देता येईल असे असावे.

प्रोजेक्टरवर नोट्स टाकून त्या उतरवून घ्यायला लावणे, हा या साधनाचा सर्वांत वाईट उपयोग. त्यात फळ्याची सोय जाते आणि पुस्तकाची खोलीही मिळत नाही. किती खोल्यांत प्रोजेक्टर बसवले, यावरून अध्यापनाचा दर्जा ठरत नाही. विद्यार्थ्याने मूळ लेख, चित्र, नकाशा किंवा आवाज स्वतः तपासला का, हा खरा निकष आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांनी सुरुवात करायची तर नव्या खरेदीपासून करू नये. मराठी व इतिहास विभागांच्या जुन्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका आधी युनिकोडमध्ये आणाव्यात. वत्सगुल्माचा ताम्रपट, अजिंठ्याचा सोळाव्या लेण्यातील लेख, कारंज्याचे ग्रंथ आणि पोहरादेवीच्या परिसरातील ध्वनिमुद्रणे यांचा एक सामाईक संग्रह करून तो सहाही तालुक्यांतील विद्यार्थ्यांना खुला करावा. त्यासाठी लागणारे संगणक महाविद्यालयांत आजही आहेत.