मागावर विणलेले आरोपपत्र : ओव्हिडचे काव्य आणि चित्रकार

स्पेनची राजधानी माद्रिद. तेथील प्रादो संग्रहालयात सतराव्या शतकातील थोर चित्रकार व्हेलाझ्क्वेझ याचे एक मोठे चित्र आहे. चित्राच्या पुढल्या भागात पाच कष्टकरी बायका कामात गढलेल्या दिसतात. डावीकडे डोक्याला पांढरे फडके बांधलेली एक वृद्धा चरख्यावर कातते आहे. चरखा इतक्या वेगाने फिरतो आहे की त्याच्या आऱ्या दिसतच नाहीत. दिसते ती नुसती चकाकी. उजवीकडे एक तरुणी पाठमोरी बसून सुताची गुंडी करते आहे. या अंधाऱ्या खोलीच्या मागे, पायऱ्या चढून गेल्यावर, एक उजळ दालन आहे. तेथे भारी वस्त्रे ल्यालेल्या काही स्त्रिया भिंतीवर टांगलेला एक विणीव पडदा पाहत आहेत. युरोपातील राजवाड्यांतून भिंती झाकण्यासाठी असे सचित्र पडदे लावीत; त्यांस टॅपेस्ट्री म्हणतात.

या चित्रास लोक 'कातणाऱ्या बायका' असे म्हणत, आणि हे माद्रिदमधील एका टॅपेस्ट्रीच्या कारखान्याचे दृश्य आहे अशी दीर्घ काळ समजूत होती. परंतु १९४८ साली १६६४ सालची एक खासगी मालमत्तेची यादी उजेडात आली. तीत व्हेलाझ्क्वेझच्या एका चित्राची नोंद होती, आणि त्याचे नाव होते 'अराक्नीची कथा'. त्याच वर्षी डिएगो अंगुलो या स्पॅनिश कलेतिहासकारानेही मागल्या दालनातील आकृती न्याहाळून तोच निर्णय दिला. तेथे शिरस्त्राण घालून हात उगारणारी आकृती मिनर्व्हा देवीची आहे, आणि तिच्यासमोर उभी आहे ती अराक्नी. ज्यास लोक कारखान्याचे चित्र समजत होते ते वस्तुतः एका रोमन कवीच्या कथेचे चित्र होते.

तो कवी म्हणजे ओव्हिड. इसवी सनापूर्वी ४३ साली मध्य इटलीतील सुल्मो या गावी त्याचा जन्म झाला. त्याचा मोठा ग्रंथ म्हणजे 'मेटामॉर्फोसिस', अर्थात 'रूपांतरे'. पंधरा सर्ग, सुमारे बारा हजार ओळी आणि अदमासे अडीचशे कथा असा त्याचा पसारा आहे. कोणी झाड होते, कोणी हरीण होते, कोणी दगड होते. युरोपातील चित्रकार या ग्रंथास आपले बायबल म्हणत, यात अतिशयोक्ती थोडीच आहे. दाफ्नी, इकारस, ॲक्टिऑन, नार्सिसस ही नावे संग्रहालयांच्या भिंतींवर जी जागोजाग आढळतात, त्यांतील बहुतेक या एका ग्रंथातून तेथे पोचली आहेत.

अराक्नीची कथा सहाव्या सर्गात आहे. ती एका रंगाऱ्याची मुलगी. ना कूळ मोठे, ना गाव मोठे. मोठी होती ती तिची विणकामाची कला. ही कला तुला मिनर्व्हेने शिकवली असणार, असे लोक म्हणत. ती मात्र ते मानीत नसे. शेवटी देवी स्वतः पैजेस उतरली. दोघींनी आपापले माग मांडले. मिनर्व्हेने विणले ते देवांचे वैभव, आणि चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करू पाहणाऱ्या माणसांना झालेल्या शिक्षा. अराक्नीने काय विणले? देवांनी रूपे पालटून केलेल्या फसवणुका. ज्युपिटरने बैल होऊन पळवलेली युरोपा, सोन्याचा वर्षाव होऊन गाठलेली दानाए, आणि अशाच आणखी कितीतरी. वीसहून अधिक प्रसंग तिने त्या वस्त्रात गुंफले. ते वस्त्र नव्हते, ते आरोपपत्र होते.

ओव्हिडने येथे एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. अराक्नीच्या कामात मिनर्व्हेला दोष काढता आला नाही. म्हणजे अराक्नी हरली नाही. देवीने ते वस्त्र फाडले आणि हातातल्या धोट्याने तिच्या कपाळावर वार केले. अपमान असह्य होऊन अराक्नीने गळ्यास फास लावला. तेव्हा देवीने तिला मरू दिले नाही, कोळी करून टाकले. आपल्या घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा प्राणी तो हाच, असे कवीचे म्हणणे. परीक्षक स्वतःच स्पर्धक असेल आणि त्याच्या हाती दंडही असेल, तर कलावंताचे काय होते, हे या कथेत सांगितले आहे.

लवकरच ही कथा कवीच्या स्वतःच्या कपाळी आली. इसवी सन ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने ओव्हिडला काळ्या समुद्राच्या काठी तोमिस येथे हद्दपार केले. आजच्या रुमानियातील कॉन्स्टान्ट्सा ते हेच. याची दोन कारणे कवीने सांगितली आहेत : एक काव्य आणि एक चूक. काव्य म्हणजे प्रेमकलेवरचे. चूक कोणती हे त्याने कधीच उघड केले नाही. निघण्यापूर्वी 'रूपांतरे' आपण अग्नीत टाकले असे तो लिहितो. पण प्रती इतरांजवळ होत्या, म्हणून ग्रंथ वाचला. हद्दपारीतील कवितांतून तो सम्राटास वारंवार ज्युपिटर म्हणतो. आणि 'रूपांतरे'च्या अखेरीस त्याने म्हटले आहे की, ज्युपिटरच्या कोपालाही हे माझे काम नष्ट करता येणार नाही. हद्दपारीची हकीकत ठाऊक असलेल्या वाचकास यातील ज्युपिटर कोण, हे सांगावे लागत नाही. सन १७ च्या सुमारास तो तोमिस येथेच वारला. परत बोलावणे आले नाही.

यानंतरचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. ज्या काव्यात सत्तेविरुद्ध इतके भरले होते, ते काव्य सत्ताधाऱ्यांच्याच घरची शोभा झाले. चौदाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये कोणी एकाने सुमारे बहात्तर हजार ओळींचा ग्रंथ रचून ओव्हिडच्या प्रत्येक कथेतून ख्रिस्ती बोध काढला. बर्निनीने १६२२ ते १६२५ या काळात रोममधील एका कार्डिनलसाठी अपोलो आणि दाफ्नी यांचा अप्रतिम संगमरवरी पुतळा घडवला. देवाच्या हातून सुटण्यासाठी धावणाऱ्या मुलीच्या बोटांना पाने फुटत आहेत, असा तो क्षण आहे. धर्मगुरूच्या घरात हे कसे शोभावे? म्हणून पुढे पोप झालेल्या माफेओ बार्बेरिनीने क्षणिक सुखामागे धावू नये, अशा अर्थाच्या दोन लॅटिन ओळी रचल्या, आणि त्या खाली कोरण्यात आल्या. पळाली बिचारी दाफ्नी; बोध मात्र पाहणाऱ्या पुरुषांसाठी.

याच परंपरेत व्हेनिसचा तित्सियान येतो. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी त्याने १५५१ ते १५६२ या काळात सहा चित्रे रंगवली. कथा बहुतांशी ओव्हिडच्याच. तो या चित्रांना 'कविता' म्हणे. १५५४ साली राजाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, दानाएची आकृती समोरून दाखवली होती, म्हणून या खेपेस व्हीनसची पाठमोरी दाखवतो आहे. खोलीत त्यामुळे वैचित्र्य येईल. या वाक्यापाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. दानाए आणि युरोपा या दोघीही अराक्नीच्या वस्त्रावर होत्या. तेथे त्या आरोप म्हणून होत्या. येथे त्या खोलीची सजावट म्हणून आल्या. आरोपपत्राचा अलंकार झाला.

पण तित्सियान नुसता सजावट करणारा नव्हता. सहा चित्रांतले शेवटचे, युरोपाचे चित्र, आज अमेरिकेत बॉस्टन येथे आहे. बैल समुद्रात शिरला आहे, किनाऱ्यावरच्या सख्या दूर राहिल्या आहेत, आणि युरोपा बैलाच्या पाठीवर अस्ताव्यस्त पडली आहे. तिच्याच उगारलेल्या हाताची सावली तिच्या तोंडावर आली आहे. हे चित्र पाहून केवळ डोळ्यांना सुख होते असे कोणी म्हणेल, तर त्याने तो चेहरा पाहिला नाही असेच म्हणावे लागेल. आयुष्याच्या अखेरीस तित्सियानने मार्सियसचे चित्र काढले. मार्सियसने संगीतात अपोलोशी पैज लावली. अपोलोने त्याची जिवंतपणी कातडी सोलली. शेजारी बसून हे पाहणाऱ्या वृद्धाच्या रूपात तित्सियानने स्वतःलाच रंगवले आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. हे चित्र चेकियातील क्रोमिएरिझच्या राजवाड्यात आहे.

आता पुन्हा व्हेलाझ्क्वेझकडे वळू. हा स्पेनच्या चौथ्या फिलिपचा दरबारी चित्रकार. तित्सियानची युरोपा त्या वेळी राजसंग्रहातच होती. रूबेन्स १६२८ साली माद्रिदला आला तेव्हा त्याने तिची प्रतिकृती केली. आता 'कातणाऱ्या बायका' या चित्रातील मागल्या दालनाचा पडदा नीट पाहा. अराक्नीने विणलेल्या त्या पडद्यावर जे चित्र आहे, ते तित्सियानच्या युरोपेचे आहे! राजाच्या खोलीची सजावट झालेली युरोपा व्हेलाझ्क्वेझने उचलली आणि जिच्या मागावर ती प्रथम विणली गेली त्या अराक्नीच्या हाती परत दिली. शिवाय, तित्सियानचे काम म्हणजे अराक्नीचे काम, ज्यात देवीलाही दोष काढता येऊ नये असे काम, हा गौरवही त्यात आला. आणि मिनर्व्हेचा हात उगारलेलाच आहे, तो अजून खाली आलेला नाही.

हे निव्वळ आपल्या कल्पनेचे खेळ आहेत, अशी शंका कोणी घेईल. त्यावर एक साक्ष देतो. १६५६ साली व्हेलाझ्क्वेझने आपले सर्वांत विख्यात चित्र, 'लास मेनिनास', रंगवले. त्यात तो स्वतः कुंचला घेऊन उभा आहे. मागल्या भिंतीवर वर अंधारात दोन चित्रे टांगलेली दिसतात. त्यांतील एक रूबेन्सच्या मिनर्व्हा व अराक्नी या चित्राची प्रतिकृती आहे. दुसऱ्यात अपोलो संगीताच्या पैजेत प्रतिस्पर्ध्यावर विजय मिळवतो आहे. म्हणजे देवांशी पैज लावणाऱ्या दोन कलावंतांच्या कथांखाली या चित्रकाराने आपली जागा निवडली. त्या काळी स्पेनमध्ये चित्रकला हे हातकाम मानले जाई. १६५९ साली त्याला सांतियागो पंथाचा सरदार करण्यापूर्वी चौकशी झाली, आणि हा पोटासाठी चित्रे काढीत नाही अशा साक्षी द्याव्या लागल्या. ज्या हातांनी राजाचे नाव अमर केले, ते हात कामकऱ्याचे नाहीत हे सिद्ध करावे लागले. 'कातणाऱ्या बायका' या चित्रात मात्र त्याने देवीस मागे ठेवले, आणि सर्वांत पुढे, सर्वांत मोठे, काय रंगवले? चरखा आणि कामकरी बायकांचे उघडे दंड.

१९३१ साली पिकासोनेही 'रूपांतरे'साठी तीस कोरीव चित्रे केली, म्हणजे विसाव्या शतकातही हा ओघ आटला नव्हता. तित्सियानच्या सहा 'कविता' २०२० साली लंडनच्या नॅशनल गॅलरीत सुमारे चार शतकांनंतर एकत्र मांडण्यात आल्या. आणि २०१७ च्या डिसेंबरात रोमच्या नगरपरिषदेने ठराव करून ओव्हिडची हद्दपारी रद्द केली. दोन हजार वर्षांनी मिळालेल्या या माफीचे हसू येणे साहजिक आहे. तथापि ऑगस्टसचा हुकूम कोणी प्रेमाने जपला नाही, आणि त्या हुकुमाने दंडिलेल्या माणसाच्या ओळी मात्र तित्सियानने रंगवल्या, रूबेन्सने उतरवल्या, व्हेलाझ्क्वेझने पुन्हा मागावर चढवल्या. फाडलेले वस्त्र असे हातोहात पुन्हा विणले जात राहिले. पुढे कधी एखाद्या पुस्तकात ते कातणाऱ्या बायकांचे चित्र आपल्या नजरेस पडले, तर मागल्या दालनातील तो पडदा अवश्य पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.