ट्रकचा एलईडी टेल लाइट बंद पडला? नवा घेण्याआधी अर्थ आणि व्होल्टेज तपासा

वर्धा : हिंगणघाटच्या बाजारात कापूस यायला लागला की जाम चौरस्त्याकडून नागपूर-हैदराबाद महामार्गावर रात्रीसुद्धा ट्रक, पिकअप आणि ट्रॉल्यांची वर्दळ असते. त्यात एखाद्या गाडीचा मागचा लाल दिवा एकाच बाजूने लागतो, एखाद्याचा लागतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १०५ प्रमाणे हा दिवा मागून १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे, म्हणजे कार सेकंदाला ३३ मीटर कापते. पुढे ट्रक बंद पडून उभा असेल तर दिवा चालू असूनही कारवाल्याला पाच सेकंद मिळत नाहीत. दिवा बंद असला तर तेवढेही नाहीत.

एलईडी बसवला की आता काही पाहायचे काम नाही, असा अनेकांचा समज असतो. दिवा तसा टिकतोच. बहुतेक वेळा दगा देतो तो त्याच्यापर्यंत जाणारा जोड, सॉकेट आणि सगळ्यात जास्त अर्थ. तरी गॅरेजमध्ये आधी नवा दिवा बसतो आणि महिनाभरात तोही जातो.

आधी अर्थ पाहा

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेल लाइटही सोबत लुकलुकतो, किंवा सगळेच मंद दिसते, तर अर्थ गेला असे समजावे. परतीची वाट बंद झाली की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. खात्री करायला एक वायरचा तुकडा पुरतो. त्याचे एक टोक दिव्याच्या अर्थ वायरला आणि दुसरे चॅसिसच्या खरडून स्वच्छ केलेल्या जागी लावायचे. दिवा नीट लागला तर नवा घ्यायची गरजच नाही. जुना बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासावा, घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

अर्थ चांगला असेल तर फ्यूज, मग सॉकेट. ट्रेलर आणि ट्रॉलीच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये पावसाळ्यात पाणी शिरते आणि पिना हिरव्या पडतात. वायर तुटते ती बहुधा फाळक्याजवळ आणि चॅसिसच्या भोकातून जाते तिथे, कारण तिथे ती रोज घासते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मल्टीमीटर कधी कधी फसवतो. दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो पूर्ण २४ व्होल्ट दाखवतो. म्हणून जुना २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून जवळ ठेवावा. तो लख्ख पेटला तर लाइन खरी. पिकअपसाठी बल्ब १२ व्होल्टचा घ्यावा.

तुटलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळली तर मे महिन्याच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो. जोडाला कथिलाचा डाग द्यावा आणि वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवावी.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याच्या जागी तार किंवा चांदीचा कागद लावू नये. शॉर्ट झालेली वायर मग स्वतःच तापते आणि वर कापूस भरलेला असतो. मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकणे हाही तोच प्रकार आहे.

दिवे पुन्हा पुन्हा जातात तेव्हा

मोठ्या ट्रकवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पिकअप आणि ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतात. १२ चा दिवा ट्रकला लावला की जळतो, २४ चा पिकअपला लावला की मंद लागतो किंवा लागतच नाही. योग्य दिवा लावूनही जात असेल तर इंजिन रेस करून बॅटरीवर मीटर लावावा. ट्रकवर २७ ते २८.५ आणि पिकअपवर १४ च्या आसपास आकडा ठीक आहे. ट्रकवर ३० च्या वर गेला तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आहे. तो बदलल्याशिवाय नवा दिवा लावणे म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरे कारण वेल्डिंग. हंगामाआधी डाल्याची, फाळक्याची डागडुजी होते आणि बॅटरीची वायर कोणी काढत नाही. वेल्डिंगच्या झटक्याने दिव्यातले सर्किट जाते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि मागच्या दिव्यांचे सॉकेट काढून ठेवले की प्रश्न मिटतो.

दिव्याचा अर्धाच भाग लागत असेल तर मात्र दोष आतला आहे. आत एलईडीचे गट दिवाळीच्या माळेसारखे जोडलेले असतात, एक गेला की त्याचा गट बंद होतो. लेन्स कापून दुरुस्त करणारे आहेत, पण कापलेला दिवा पुन्हा पाणबंद होत नाही. असा दिवा सरळ बदलावा. आत वाफ धरली असेल तरी तेच.

नवा घेताना ट्रकला २४ व्होल्टचाच, मंजुरीची खूण कोरलेला आणि बिलासह घ्यावा. बल्ब काढून एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकू लागला तर घाबरायचे कारण नाही. एलईडी करंट कमी घेतो आणि जुन्या फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखे वाटते. एलईडीचा फ्लॅशर बसवला की वेग जागेवर येतो. बसवून झाल्यावर क्लीनरला मागे उभे करून टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर आणि नंबर प्लेटचा पांढरा दिवा एकेक करून पाहावा. नंबर मागून स्पष्ट वाचता आला पाहिजे. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावे लागते, तिथेही हे दिवे पाहिले जातात.

कापसाच्या गाडीवर ताडपत्री बांधताना तिचे टोक दिव्यावर लोंबणार नाही, एवढे निघण्याआधी पाहून घ्यावे. वाटेत दिवा गेलाच तर गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर चालू करावेत आणि लाल त्रिकोण गाडीला चिकटवून न ठेवता बराच मागे ठेवावा.