विजापूरचा घुमट आणि मुंबईचे टपाल

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर काळ्या दगडाची एक भव्य घुमटाकार इमारत दिसते. तेच मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस होय. 1888 साली पुरी झालेली स्टेशनची इमारत गॉथिक वळणाची, युरोपाची आठवण करून देणारी. पोस्टाचा घुमट पाहताना मात्र मन विजापूरकडे वळते.

हे केवळ योगायोगाने घडले नाही. सरकारी इमारतींना या देशाच्या वास्तुपरंपरेचे रूप द्यावे, हा विचार तोवर बळावू लागला होता. मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांनी महंमद आदिलशहाच्या गोलघुमटाचा आदर्श समोर ठेवून आराखडा केला. 1904 साली आरंभिलेले काम 1913 साली पुरे झाले. त्यास सुमारे 18 लक्ष रुपये लागले. काळ्या बसाल्टच्या भिंतींना कुर्ल्याच्या पिवळ्या व ध्रांगध्र्याच्या पांढऱ्या दगडाची जोड दिलेली आहे. मधले उंच दालन थेट घुमटाखाली येते.

विजापूरचा घुमट एका सुलतानाच्या चिरनिद्रेसाठी उभारला गेला. तेथे शांतता हाच वास्तूचा धर्म. बेग यांनी तोच आकार गजबजलेल्या लोकव्यवहारावर ठेवला. हा व्यवहार तत्पूर्वीच सामान्यांच्या आटोक्यात आला होता. 1854 साली अंतराचा हिशेब सोडून पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा असा सरसकट दर ठरला, आणि 1880 साली मनीऑर्डरीचे काम टपालखात्याकडे आले. कोकणातून व घाटावरून गिरण्यांत आलेल्या कामगारांची कमाई याच मार्गाने गावच्या चुलीपर्यंत पोहोचू लागली. ज्यास अक्षरओळख नव्हती तोही दुसऱ्याकडून चार ओळी लिहवून घेई. पेढीवाल्याच्या हुंडीस आणि हमालाच्या कार्डास टपालाचा शिक्का एकच.

आज निरोप क्षणात जातो, आणि हाताने लिहिलेली पत्रे विरळ झाली आहेत. अशा वेळी जुन्या वास्तूचे जतन म्हणजे निव्वळ दगडांची डागडुजी, अशी समजूत होण्याचा संभव असतो. परंतु राजाच्या कबरीसाठी योजलेले वैभव ज्या इमारतीने एका कार्डापुरते पैसे घेऊन येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर धरले, तिचे खरे जतन तिच्या दारात त्या माणसाचे काम होत राहण्यातच आहे.