पाऱ्याच्या सेलची जागा कोण घेईल?

पाऱ्याचा सेल मिळत नसेल तर त्याच मापाचा अल्कलाइन सेल घाला आणि निश्चिंत व्हा, असे मत जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या शौकिनांत रूढ झाले आहे. त्यांची बाजू आधी नीट मांडतो. जुना सेल 1.35 व्होल्टचा, नवा 1.5 चा, फरक अवघा 0.15. नवा सेल खाचेत चपखल बसतो, सहज मिळतो, प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुईही हलते. शिवाय, 1858 मध्ये छायाचित्रकार लिनियस ट्राइपने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे शिलालेख टिपले, ते मीटरवाचूनच!

ट्राइपचा दाखला इथे गैरलागू आहे. तो सुईच्या भरवशावर नव्हता, आपण आहोत. सुई हलली म्हणजे ती खरे बोलली, हे कोणी ठरवले?

0.15 व्होल्ट म्हणजे मूळ दाबाच्या 11 टक्के. तेवढी चूक कायम राहिली असती, तर फिल्मच्या वेगाची (एएसए) चकती फिरवून बरेचसे भागले असते. पण अल्कलाइन सेल वापराबरोबर सतत उतरत जातो. 1.35 हा त्याच्या उतरणीवरचा एक थांबा, एवढेच. आज केलेली दुरुस्ती पुढच्या रोलला चूक ठरते. पाऱ्याचा सेल जवळजवळ अखेरपर्यंत एकाच दाबावर टिकायचा. त्याचे सारे मोल त्यातच होते.

मिनोल्टा एसआरटी-101 घ्या. ताज्या अल्कलाइन सेलवर तिची सुई उजेड आहे त्याहून जास्त दाखवते, आणि फिल्मला प्रकाश कमी पडतो. बृहदीश्वराच्या प्राकारात सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे. तो सावलीत स्लाइड फिल्मवर घ्यायचा आहे, असे समजा. स्लाइडला अर्ध्या स्टॉपची चूकही जाणवते. अक्षरांच्या खाचा काळवंडून गेल्या, तर दोष दगडाचा?

पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरमध्ये ब्रिज सर्किट आहे, त्याला व्होल्टेजचा असा फरक बाधत नाही, हे मान्य. तिथे सिल्व्हर ऑक्साइड सेल खुशाल घाला. पण अपवादाचा नियम कसा करता येईल?

पारा विषारी आहे. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणाऱ्या, 2017 मध्ये अमलात आलेल्या मिनामाता करारानंतर तो सेल परत येण्याची आशा नको. पर्याय कानाच्या यंत्रांच्या दुकानात आहे: 675 क्रमांकाचा झिंक-एअर सेल, 1.4 व्होल्टचा, चालीने सपाट. आकाराने लहान, म्हणून भोवती रबरी रिंग लागते. निळी पट्टी सोलली की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. पट्टी पुन्हा चिकटवून तो वाचत नाही. काही महिन्यांत बदलावा लागतो, हा आक्षेप खरा आहे. वाया गेलेल्या एका स्लाइड रोलची किंमत शेजारी मांडा आणि निवाडा तुम्हीच करा. वारंवार बदलणे नकोच असेल, तर 1.55 व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड घ्या. तोही सपाट चालतो; जाणत्या कारागिराकडून डायोड बसवून घेतला, की वरचा 0.2 व्होल्ट उतरतो.