संयुक्त दिग्दर्शन आणि स्त्री-कर्तृत्व : ‘बर्ट आणि बर्टी’ यांची वाटचाल
चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक हा एकमेव कर्ता मानण्याची परंपरा दृढ आहे. अँबर टेम्पलमोर-फिन्लेसन व केटी एलवुड यांची कारकीर्द या गृहीतकाला छेद देते. ‘बर्ट आणि बर्टी’ या संयुक्त नावाने त्यांनी ‘डान्स कॅम्प’ (२०१६) व ‘ट्रूप झिरो’ (२०१९) हे चित्रपट दिग्दर्शित केले. पुढे ‘हॉकआय’ (२०२१) या सहा भागांच्या मालिकेतील तीन भाग त्यांच्याकडे आले; उर्वरित तीन रीस थॉमस यांनी दिग्दर्शित केले. अशा मालिकेत दिग्दर्शक भागागणिक बदलू शकतो. त्यामुळे येथे कर्तृत्वाची दुहेरी विभागणी होते. शिवाय संयुक्त श्रेयात दोघींचा वाटा निराळा दाखविता येत नाही. स्त्री-दिग्दर्शकांची केवळ व्यक्तिनिहाय गणना करणाऱ्या इतिहासलेखनाने म्हणूनच सहकार्य हेही अभ्यासाचे स्वतंत्र एकक मानणे अगत्याचे ठरते.