लिस्बनमधली जन्मनोंद

आमच्या घरात पासपोर्ट हा शब्द माझ्या जन्माआधीच येऊन बसला होता. पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी बडे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, औरंगाबादहून कराचीला गेले. मुलांचे तिकडे बरे होईल, एवढेच त्यांचे म्हणणे. नाही जमले तर परत येऊ, असे दादीला सांगून गेले. ऑक्टोबर 1952 पासून दोन्ही देशांत ये-जा करायला पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. मग बडे अब्बा आले ते पाहुणे म्हणून, तेही दोनदाच. प्रत्येक वेळी आधी पोलीस ठाण्यात नाव नोंदवायचे आणि मग घरी चहा.

हे आठवायला कारण झाले गोव्यातले एक कविसंमेलन. रात्री जेवण झाल्यावर यजमान मित्राने कपाटातून कागद काढला. त्याच्या वडिलांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला. त्या जन्माची लिस्बनमध्ये केलेली नोंद. मित्राची मुलगी तेव्हा बारावीत होती. ‘‘तिच्यासाठी करून ठेवतोय. जायचे की नाही ते तिने ठरवावे,’’ तो म्हणाला.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. मार्च 1962 च्या आदेशाने गोवेकर भारतीय नागरिक ठरले. ज्यांना जुने नागरिकत्व ठेवायचे होते त्यांना लेखी कळवायला एक महिना मिळाला. मोन्तेरो नावाच्या एका धर्मगुरूंनी तसे कळवले. आपल्याच गावात ते परदेशी झाले, राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, खटला झाला आणि तीस दिवसांची कैद सुनावली गेली. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. निकाल लिहिला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी, एकेकाळी नागपुरात वकिली केलेल्या.

पोर्तुगालने 1974 च्या करारात गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, पण मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेल्यांचा नागरिकत्वाचा हक्क आपल्या कायद्यात शाबूत ठेवला. त्यांच्या मुला-नातवंडांपर्यंत तो पोचतो. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि आजोबांच्या जन्मदाखल्याला वेगळाच भाव आला. त्या पासपोर्टवर शेकडो गोवेकर कुटुंबे इंग्लंडात स्विंडनला जाऊन राहिली. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, नव्याने जाणाऱ्यांसाठी तो सरळ रस्ता बंद झाला.

याला आपण सर्रास ‘दुसरे नागरिकत्व’ म्हणतो. भारतीयाला दुसरे नसते, बदली असते. 1955 च्या कायद्याचे नववे कलम सांगते की स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की इथले संपले. नुसती लिस्बनची नोंद म्हणजे नागरिकत्व घेणे का, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद झाले. 2005 च्या दुरुस्तीनंतर परदेशी झालेल्यांना ओसीआय कार्ड सहज मिळू लागले. त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

आणि मुलांचे काय? कायद्याच्या आठव्या कलमात एक खिडकी आहे. आई-बापांनी रीतसर घोषणा करून भारतीय नागरिकत्व सोडले, तर त्यांच्या अज्ञान मुलाचेही जाते. मात्र सज्ञान झाल्यावर वर्षभरात त्याला ते परत मागता येते. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे आई-बापांचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपले असेल, तर ही खिडकी उघडत नाही. प्रकरण सिंगापूरला जन्मलेल्या एका तरुणाचे होते. सही आई-बापांची, परतीचा दरवाजा त्याचा.

माझ्या मित्राला मुलीसाठी पुढे जायचे तर वडिलांच्या नोंदीनंतर आधी स्वतःची नोंद करावी लागणार होती. तो अर्ज त्याने भरून ठेवला होता, पाठवला नव्हता. झोपायला जाताना त्याने विचारले, तुझ्या बडे अब्बांची मुले कधी आली का रे औरंगाबादला? थोरला एकदा आला होता, मी म्हणालो. धाकट्या दोघांनी आमचे घर फोटोतच पाहिले.